एका वेळी एक एलियन

९६ ठिपके आडवे, ६४ उभे. तुमच्या फोनवरच्या एका ॲपच्या आयकॉनला याहून जास्त पिक्सेल लागतात. टीआय-८३ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा अख्खा स्क्रीन एवढाच असतो, आणि मला त्यावर 'स्पेस इन्व्हेडर्स' हवा होता.

कॅल्क्युलेटर मूळचा आतेबहिणीचा. अमेरिकेत शाळेच्या गणितासाठी घेतात आणि शाळा संपली की ड्रॉवरमध्ये टाकतात, तसाच तिचाही पडला होता. न्यू जर्सीहून तो पुण्याला आला माझ्या हट्टामुळे. आलेख काढण्यात मला काडीचा रस नव्हता, पण त्याच्या पोटात झेड८० प्रोसेसर आहे हे ठाऊक होतं.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी टाइटो कंपनीसाठी हा गेम बनवला, तेव्हा त्या मशीनमध्ये इंटेलची ८०८० चिप होती, २ मेगाहर्ट्झची. झेड८० ही तिची धाकटी बहीण. थोरलीची भाषा तिला जशीच्या तशी कळते. कॅल्क्युलेटरमध्ये ती ६ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे तिप्पट. त्यामुळे वेगाची काळजी नव्हती. जागेची होती.

मूळ गेममध्ये एका ओळीत ११ एलियन, अशा ५ ओळी. स्क्रीनची रुंदी २२४ पिक्सेल. माझ्याकडे ९६. एक मित्र म्हणाला, ओळीत ८च ठेव, कोण मोजतंय? पण ५५ हा आकडा शोभेचा नाही.

जुनी चिप एका फ्रेममध्ये एकच एलियन हलवायची. सेकंदाला ६० फ्रेम, एलियन ५५. म्हणजे प्रत्येकाचा नंबर साधारण सेकंदाने एकदा लागायचा. म्हणून सगळी फौज एकदम सरकत नाही, तिच्यातून एक लाट जाते. तुम्ही एलियन मारत जाता तशी रांग छोटी होते आणि उरलेल्यांचा नंबर लवकर लागतो. शेवटचा एकटा उरतो तेव्हा दर फ्रेमला त्याचाच नंबर. गेम सुसाट का होतो, तर चिपवरचा भार हलका होतो म्हणून. निशिकादोंना हे दिसलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. मला वाटतं, गेम डिझाइनमधला याहून चांगला निर्णय क्वचितच कोणी घेतला असेल.

तेव्हा ५५ राहिले. प्रत्येक एलियन ५ पिक्सेलचा झाला, मध्ये २ पिक्सेल मोकळे. ७५ मध्ये फौज बसली, सरकायला २१ उरले. ५ पिक्सेलमध्ये खेकडा आणि ऑक्टोपस वेगळे दाखवायचे म्हणजे तांदळावर नाव कोरण्यासारखं. दोन रविवार त्यातच गेले.

खरी गंमत वेगाची. नव्या चिपला मुद्दाम थांबवावं लागतं. एक एलियन हलव, मग थांब. झेड८०ला त्यासाठी 'हॉल्ट' नावाची सूचनाच आहे. मूळ गेममध्ये चार सुरांचा धडधड आवाज खेळाबरोबर वाढत जातो. कॅल्क्युलेटरला स्पीकरच नाही, त्यामुळे सगळी धडधड एलियनच्या पायांतून दाखवायची.

धाकट्या भावाला दिला. फोनवर बीजीएमआय खेळणारा पोरगा, पहिल्या दहा सेकंदांत म्हणाला, "दादा, हँग होतंय हे." मी गप्प बसलो. वीसेक एलियन उरले तेव्हा तोही गप्प झाला. शेवटचे चार राहिल्यावर तो खुर्चीतून उठून उभ्याने खेळू लागला, अंगठा 'सेकंड'च्या बटणावर.

या एलसीडीला ठिपका पुसायला वेळ लागतो. त्यामुळे शेवटचा एलियन दिसत नाही, नुसता राखाडी फराटा दिसतो. तो कुठे असेल याचा अंदाज बांधून गोळी सोडायची. भावाच्या सहा गोळ्या वाया गेल्या आणि फराटा खाली पोचला.

"शेवटच्याला तरी स्लो कर ना," तो म्हणाला.

केलेला नाही.