धूरवाली मारिया

शब्द नसलेलं गाणं आपण आपणहून कितीदा ऐकतो? लग्नाच्या हॉलमधली सनई सोडा, तिच्याकडे लक्ष असतं कुणाचं! भावगीत असो की अभंग, आपलं मन आधी शब्दांना चिकटतं आणि ओठ आपोआप हलायला लागतात. माझा तर अर्धा दिवस शाळेत मराठी शिकवण्यात जातो, म्हणजे बाहेर शब्द आणि घरातही शब्द. पण गेले काही महिने आमच्याकडे दुपारी चारला जे वाजतं, त्यात गाण्याची एक ओळ नाही. आणि ते वाजतं आमच्या सासूबाईंसाठी!

सासूबाई भजनी मंडळातल्या. कित्येक वर्षं त्यांनी टाळ वाजवला. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण शब्द काही केल्या जिभेवर येत नाही. असं झालेल्या पुष्कळ जणांना बोलता आलं नाही तरी गाता येतं. सासूबाईंना तेही जमेना. अभंग लावला की त्या सोबत म्हणायला जात, दुसऱ्याच शब्दाला अडत, आणि डोळ्यांना धार लागे. मग हातानेच खूण करत : बंद कर. होता होता घरातलं गाणंच थांबलं.

आमच्या धाकट्या भाऊजींना परदेशी संगीताचा भारी नाद. ते सुट्टीला आले होते, तेव्हा त्यांनी एका दुपारी मोबाईलवर एक तबकडी लावली. (तबकडी आता कुठली, पण मला तोच शब्द आवडतो.) बँडचं नाव ‘बांडा ब्लॅक रिओ’, तबकडीचं नाव ‘मारिया फुमासा’, साल 1977. दहा तुकडे, सगळे मिळून जेमतेम अर्धा तास. ‘मारिया फुमासा’ म्हणजे धूरवाली मारिया. ब्राझीलमध्ये वाफेच्या इंजिनाला लाडाने असं म्हणतात. आपली झुकझुक गाडीच की! त्याच वर्षी तिकडच्या टीव्हीवर ‘लोकोमोटिव्हास’ नावाची मालिका लागायची, तिचं शीर्षकसंगीत म्हणून हाच पहिला तुकडा घरोघर पोचला. मालिकांचं वेड काही आपल्यालाच आहे असं नाही!

भाऊजींनी सांगितलेली हकिगत मला फार आवडली. त्या काळी ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. रिओ शहराच्या उत्तरेकडच्या गरीब उपनगरांत कृष्णवर्णीय तरुण मुलंमुली शनिवार-रविवारी हजारोंनी जमून अमेरिकन सोल आणि फंकवर नाचायची. सरकारला त्याचा संशय, आणि शिष्ट मंडळींची वेगळीच कुरकुर : आपला सांबा सोडून ही पोरं परक्यांची नक्कल करताहेत. ओबेरदान मागाल्याएस नावाच्या सॅक्सोफोनवाल्याने 1976 मध्ये बँड जमवला आणि फंक व सांबा एकाच पातेल्यात शिजवले. नक्कल म्हणणाऱ्यांना ह्याहून चांगलं उत्तर ते काय द्यायचं? ओबेरदान 1984 मध्ये गेला. त्याच्या हयातीत बँडच्या तीनच तबकड्या निघाल्या.

ऐकायचं कसं, ते सांगते. सगळं एकदम ऐकायला जाल तर गोंगाट वाटेल, मलाही वाटला. आधी नुसता बास गिटार ऐका, तो खाली सतत बोलत असतो. मग वरून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन मिळून येतात. मधेच कुणीतरी हुंदका द्यावा की खिदळावं असा आवाज येतो, ती ‘कुईका’. ढोलाच्या आत चामड्याला बांधलेली काडी ओल्या फडक्याने घासून ती वाजवतात. मला नंदीबैलवाल्याचं गुबुगुबू आठवलं. तेही चामडं घासूनच वाजतं ना!

गंमत आहे ती तालात. फंकमध्ये जोर पहिल्या मात्रेवर, आपल्या समेसारखा. सांबात मोठ्या ढोलाचा घुमारा दुसऱ्या मात्रेवर पडतो. ह्या दोन्ही ओढी एकत्र आल्या की पाय स्वस्थ बसत नाहीत. काही तुकडे मूळची शब्दांची गाणी आहेत. लुईझ गोन्झागाचं ‘बाईआंव’ त्यातलंच, पण इथे शब्द काढून टाकलेत. एका तुकड्याचं नाव ‘लेब्लाँ व्हिया व्हाझ लोबो’. लेब्लाँ ही समुद्रकाठची श्रीमंत वस्ती, व्हाझ लोबो उत्तरेकडचं साधं उपनगर. अगदी बसच्या पाटीसारखं नाव! भाषा पोर्तुगीज, म्हणजे जिने आपल्याला चावी, पगार, साबण आणि बटाटा दिला तीच. आणि काजूही मूळचा ब्राझीलचाच बरं का.

तर त्या दुपारी मी भाऊजींना म्हणणार होते, आवाज कमी करा, आई झोपल्यात. आत जाऊन पाहते तो डाव्या हाताची बोटं चादरीवर टकटक करताहेत. डोळे उघडे, चेहरा शांत. म्हणायला शब्दच नव्हते, त्यामुळे कुठे अडायचंही नव्हतं. तबकडी संपली तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं. पुन्हा.

ह्याने वाचा परत आली वगैरे काही नाही हं, उगाच समजूत करून घेऊ नका. बोलण्याचे व्यायाम रोजचे चालूच आहेत, आणि प्रगती गोगलगायीची. ह्यांना अजून ही तबकडी कटकट वाटते. म्हणतात, “आईला अभंगाऐवजी हे?” मी नुसती आत बोट दाखवते.

परवा त्यांच्या शेजारी बसून मीही पलंगाच्या कठड्यावर ताल धरला. सासूबाईंनी माझं मनगट धरून मला थांबवलं. थोडं वाजू दिलं, मान हलवत मात्रा मोजल्या आणि मग त्यांना हवी होती त्या जागी माझा हात कठड्यावर आपटला. पुन्हा. पुन्हा. मला जमेपर्यंत सोडला नाही. साडेचारला चहा होतो; तोवर बेल वाजली तरी मी उठत नाही, हे आता दूधवाल्यालाही माहीत झालंय.