दोराचे दुसरे टोक

डोंगराशी माणसाचे नाते फार जुने आहे. शिखराशी मात्र ते त्यामानाने अलीकडे जडले. मेंढपाळ कुरणापर्यंत चढत, व्यापारी खिंड ओलांडून पलीकडच्या मुलखात उतरत, यात्रेकरू देवस्थानापर्यंत जाऊन माघारी वळत. त्याहून वर, जिथे चारा नाही, बाजार नाही आणि देऊळही नाही, तिथे जाण्याचे कोणाला फारसे प्रयोजन नव्हते. युरोपातील आल्प्स पर्वतात हे चित्र अठराव्या शतकात पालटले. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ होरास द सोस्यूर यांनी १७६० मध्ये माँ ब्लाँ या शिखराची वाट शोधून काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. सव्वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी, शामोनी खोऱ्यातील स्फटिक गोळा करणारा जाक बाल्मा आणि तेथील डॉक्टर मिशेल पाकार हे दोघे सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या त्या माथ्यावर पोहोचले. पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः वर गेले. त्यांच्याबरोबर अठरा वाटाडे होते. मोबदला देणारा एक आणि वाट दाखवणारा दुसरा, हे नाते त्या काळात पर्वतावर रूढ झाले. आज ते हिमालयातही ठायी ठायी पाहावयास मिळते.

लडाखमधील कांग यात्से-२ हे त्याचे एक उदाहरण. मार्खा खोऱ्याच्या वरच्या टोकाला, निमालिंगच्या कुरणांवर उभे असलेले हे हिमशिखर सव्वासहा हजार मीटरच्या आसपास उंच आहे. लेहजवळचे स्टोक कांगरी हे शिखर २०२० साली गिर्यारोहणासाठी बंद करण्यात आले. त्याच्या हिमनदीवर पायथ्याच्या गावाचे पाणी अवलंबून आहे आणि माणसांची गर्दी तिला सोसवेनाशी झाली होती. तेव्हापासून सहा हजार मीटरच्या पहिल्या चढाईचे स्वप्न पाहणारे अनेक जण कांग यात्सेकडे वळले. दर उन्हाळ्यात मार्गदर्शकांसह पथके निघतात. त्यांत शिक्षक असतात, अभियंते असतात, बँकेतील कर्मचारी असतात, नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थही असतात. कोणी वर्षभर पैसे साठवलेले असतात, तर कोणी रजेचा एकेक दिवस राखून ठेवलेला असतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे पाय बहुधा सह्याद्रीच्या गडकिल्ल्यांवर तयार झालेले असतात. परंतु राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. विमानातून उतरताच माणूस कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर येतो. पाय तयार असतात, पण रक्ताला त्या विरळ हवेची ओळख नसते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस काहीही न करता काढावे लागतात. पाणी प्यावे, सावकाश चालावे, रात्री झोपावे, एवढाच कार्यक्रम. उत्साहाने आलेल्या माणसाला हे सक्तीचे स्वास्थ्य जड जाते. वास्तविक चढाईचा पहिला धडा तो हाच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज सुमारे पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि मध्ये विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा साधारण नियम आहे. तो माणसाच्या इच्छाशक्तीची पर्वा करत नाही.

पुढे मार्खा खोऱ्यातील पायपीट सुरू होते. दोन्ही बाजूंना तांबूस, जांभळट, कोरडे कडे. मधून वाहणारा प्रवाह. त्याच्या काठी वाळुंजाची झाडे आणि जवाची हिरवी शेते. स्क्यू, मार्खा, हांकर अशी लहान लहान गावे लागतात. वाटेत भेटणारी माणसे हसून ‘जुले’ म्हणतात. पथकाचे सामान घोड्यांवर आणि खेचरांवर लादलेले असते. चालणारे धापा टाकत मुक्कामावर पोहोचतात, तेव्हा मागून निघालेला स्वयंपाकी कधीच पुढे जाऊन चहा उकळत असतो. शहरात ज्यांच्या हाताखाली दहा माणसे काम करतात, त्यांनाही इथे तंबू नीट बांधता येत नाही. घोडेवाला येऊन न बोलता गाठ पक्की करून देतो.

पायथ्याचा तळ सुमारे ५,१०० मीटरवर असतो. तिथे एक दिवस सरावाला दिलेला असतो. बुटांना लोखंडी दातांचे क्रॅम्पॉन कसे बांधावेत, आइस अ‍ॅक्स कोणत्या हातात धरावी, पाय घसरला तर तिचे पाते बर्फात रोवून स्वतःला कसे थांबवावे, हे मार्गदर्शक पुन्हा पुन्हा करवून घेतो. मग दोर येतो. दोराचे शास्त्र वरवर सोपे आहे. काही अंतर राखून सर्वांनी एकाच दोरात स्वतःला बांधून घ्यायचे. दोर फार ढिला पडू द्यायचा नाही आणि ओढूनही धरायचा नाही. बर्फाखाली लपलेल्या भेगेत एखादा गेलाच, तर इतरांनी आपल्या वजनाने त्याला रोखायचे. मात्र जो दोर एकाला वाचवतो, तोच सर्वांना खालीही ओढू शकतो, हेही त्या सरावात समजते. दोराच्या एका टोकाला पैसे देऊन आलेला माणूस असतो. दुसऱ्या टोकाला जो असतो त्यालाही घर असते, शाळेत जाणारी मुले असतात, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत वर्षाची बेगमी करायची असते.

अंतिम चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. रात्रीच्या थंडीत बर्फ दगडासारखे घट्ट झालेले असते आणि त्यावर पाऊल ठरते. सूर्य चढला की तेच बर्फ भुसभुशीत होते, भेगांवरचे हिमपूल कमकुवत होतात, वरचे दगड सुटू लागतात. म्हणून उजाडल्यावर फार वेळ न दवडता माथा गाठायचा आणि ऊन तापण्यापूर्वी अवघड उतार मागे टाकायचा, असे गणित असते. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. एका पावलामागे एक श्वास, मग दोन, मग तीन. पाणी बाटलीत गोठते. विचार करण्याची शक्तीही हळूहळू गोठू लागते. आणि ज्याची ती गोठते त्याला ते कळत नाही.

इथे एक मोठा मोह असतो. डोके दुखत असते, मळमळत असते, पण ते मार्गदर्शकाला सांगावेसे वाटत नाही. सांगितले तर तो परत पाठवील, ही भीती. वस्तुतः डोकेदुखी हा उंचीच्या विकाराचा पहिला इशारा असू शकतो. तो दडपून वर जात राहिल्यास फुफ्फुसांत पाणी साचू शकते, मेंदूला सूज येऊ शकते, तोल जाऊ लागतो, बोलणे असंबद्ध होते. मग यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे विलंब न लावता खाली उतरणे. दोराला बांधलेल्या माणसाने आपली प्रकृती लपवणे म्हणजे आपल्या टोकाची गाठ सैल ठेवण्यासारखे आहे.

समजा, सकाळचे नऊ वाजले आहेत. शिखर समोर, अगदी हाकेच्या अंतरावर भासते. शेवटचा चढ तेवढा उरलेला आहे, पण तो सर्वांत तीव्र आहे. पथक ठरल्या वेळेपेक्षा दोन तास मागे आहे. पायाखालचे बर्फ मऊ लागू लागले आहे. मार्गदर्शक थांबतो, घड्याळ पाहतो, उताराकडे पाहतो आणि शांतपणे म्हणतो, “इथून परत.” त्या क्षणी ज्याला परत फिरायचे असते त्याच्या मनात केवढी उलथापालथ होते! खर्च झालेले पैसे आठवतात, निरोप देणारी माणसे आठवतात, पुढच्या वर्षी वय आणि गुडघे साथ देतील का हा प्रश्न उभा राहतो. “अजून अर्धा तास द्या,” असे शब्द ओठांवर येतात. काहींच्या तोंडून त्याहून कठोर शब्दही निघतात. आपण पैसे मोजले आहेत, असे ते ऐकवतात.

हे शब्द पर्वताने पूर्वीही ऐकले आहेत. १८२० च्या ऑगस्ट महिन्यात डॉक्टर जोसेफ हामेल हे रशियाच्या सेवेतील शास्त्रज्ञ माँ ब्लाँवर निघाले. वाटेत हवामान बिघडले, ताजे बर्फ पडले. वाटाड्यांचा कल परत फिरण्याकडे होता, परंतु हामेल यांनी पुढे जाण्याचा आग्रह धरला, असे सांगितले जाते. वरच्या उतारावर ताज्या बर्फाचा थर निसटला आणि त्याने पुढे चालणाऱ्या वाटाड्यांना एका खोल भेगेत लोटले. तीन वाटाडे त्यात गाडले गेले. हामेल वाचले. पुढच्या वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. कामाची पाळी ठरली आणि अपघातग्रस्तांच्या कुटुंबांना मदत देण्यासाठी निधी उभारला गेला. हिमनदी मात्र आपल्या संथ गतीने वाहत होती. चाळीसहून अधिक वर्षांनी, १८६१ मध्ये, तिने त्या तिघांचे अवशेष खाली, तिच्या मुखापाशी आणून सोडले. त्या दिवशी बचावलेल्यांपैकी एक वृद्ध वाटाडा तेव्हा हयात होता. आपल्या सोबत्यांना ओळखण्याचे काम त्याच्या वाट्याला आले.

दुसरी घटना याहून गुंतागुंतीची आहे. न्यूझीलंडचे रॉब हॉल हे एव्हरेस्टवर ग्राहकांना नेणारे नामांकित मार्गदर्शक होते. शिखर कितीही जवळ असले तरी ठरल्या वेळेला परत फिरायचे, हा त्यांचा दंडक होता. १९९५ मध्ये डग हॅन्सन या टपाल कर्मचाऱ्याला त्यांनी माथ्याच्या अगदी जवळून माघारी आणले होते. हॅन्सन १९९६ मध्ये पुन्हा आले. १० मे रोजी माघारीची वेळ उलटून गेली, दुपार कलली, तरी हॉल यांनी त्यांना या वेळी अडवले नाही. ते त्यांच्यासाठी थांबले. दोघेही शिखरावर पोहोचले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. उतरताना वादळाने गाठले. हॅन्सन परतले नाहीत आणि हॉलही परतले नाहीत. त्या एका वादळात एव्हरेस्टच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन गिर्यारोहक होते.

पहिल्या घटनेत ग्राहकाच्या हट्टापुढे वाटाड्यांचे चालले नाही. दुसऱ्या घटनेत हट्टाचा एकही शब्द उच्चारला गेल्याचे सांगता येत नाही. कदाचित एका सज्जन माणसाला दुसऱ्याची निराशा पुन्हा पाहवली नसेल. परिणाम मात्र दोन्हीकडे सारखाच भयंकर झाला. यावरून मार्गदर्शकाच्या नकाराचे मोल ध्यानात येते. ओझे वाहणारे, दोर लावणारे, चहा देणारे हात मोलाने मिळतात; परंतु योग्य क्षणी “नाही” म्हणणारा माणूस मिळणे हे भाग्य आहे. त्या नकाराने त्याचेही नुकसान होते. नाराज ग्राहक पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, बक्षिसी हुकते, नावाला बोल लागतो. हे सारे पत्करून तो नकार देतो. कारण शिखर आजच्यापुरते हुकले आहे, माणूस मात्र एकदाच हुकतो, हे त्याला ठाऊक असते.

याचा अर्थ असा नव्हे की मार्गदर्शकासह जाणाऱ्याने आपली बुद्धी तळावर ठेवून निघावे. वाट कोणती, हवामानाचा अंदाज काय, परत फिरण्याची वेळ कोणती, औषधे आणि प्राणवायू जवळ आहेत का, हे त्याने आधीच विचारले पाहिजे. मार्गदर्शकाने रीतसर प्रशिक्षण घेतले आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांतून शिकलेली माणसे आज या व्यवसायात आहेत. निवड करण्यापूर्वी शंका घ्यावी, प्रश्न करावेत. मात्र दोर बांधल्यावर वादाचा हट्ट सोडावा. ही आज्ञाधारकता लाचारीची नसते. स्वतःहून, विचारपूर्वक निवडलेल्या माणसावर टाकलेला तो विश्वास असतो. मोठ्या वयात असा विश्वास टाकणे सोपे नसते. लहान मूल आईचे बोट सहज धरते. आयुष्यभर इतरांना वाट दाखवलेल्या माणसाला मात्र बोट धरताना प्रथम आपला अहंकार सोडावा लागतो. ज्याला ते साधते तो कोणत्याही वयात नवे काही शिकू शकतो.

सुदैवाने बहुतेक पथके शिखर गाठून सुखरूप परततात. माथ्यावरून उत्तरेकडे काराकोरमच्या रांगा दिसतात, काही मिनिटे शब्द सुचत नाहीत, छायाचित्रे काढली जातात. ज्यांना माघारी यावे लागते त्यांच्या हाती छायाचित्र नसते. पण संध्याकाळी निमालिंगच्या कुरणात मेंढ्यांचे कळप परतू लागतात, तंबूत गरम सार मिळते, सकाळी ज्याच्यावर राग धरला होता तो मार्गदर्शक सर्वांच्या बुटांत शिरलेले बर्फ झटकत बसलेला दिसतो. मग परत आलेला माणूस संकोचाने त्याच्याजवळ जाऊन बसतो. दोघे फारसे बोलत नाहीत. मध्ये दोराचे वेटोळे वाळत पडलेले असते. उद्या ते दुसऱ्या कोणाच्या तरी कमरेला बांधले जाणार असते.