मशीन रुसत नाही

पोटापाण्यासाठी कर्ज काढून एखादी मशीन घ्यावी आणि ती पहिल्याच दिवशी चालू नये, यासारखे दुःख नाही. शिलाई मशीन असो, पिठाची चक्की असो की पाण्याचा पंप असो, हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांवर आलेला असेल. आमच्या घरी तो झाडे कापण्याच्या पेट्रोल मशीनमुळे आला. तिला चेनसॉ म्हणतात. आमच्या वाडीत तिला नुसते ‘कटर’ म्हणतात.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनच्या बाजूला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर येऊन आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, जुने आंबे-फणस मुळासकट उपटले, रस्ते बंद पडले. त्या दिवसांत ज्याच्या हाती कटर होता, त्याला जेवायलाही उसंत नव्हती. कुऱ्हाडीला ज्या खोडासाठी दिवस लागे, ते तासाभरात बाजूला होई. हे पाहून माझ्या पुतण्याने मनाशी गाठ बांधली आणि २०२२ च्या मे महिन्यात मशीन घेतली. वहिनींनी त्यासाठी बचत गटातून १२,००० रुपये कर्ज उचलले. पावसाळ्यापूर्वी छपरावर आलेल्या फांद्या छाटायच्या म्हणून आठ घरांचे काम त्याने आधीच ठरवून ठेवले होते.

मशीन आली, पण काही केल्या सुरू होईना. दोरी ओढून ओढून पोराच्या तळहाताला फोड आले. मित्र आले, त्यांनीही जोर लावून पाहिला. शेवटी मशीन परत दुकानात नेली. दुकानदाराने तिला हातही न लावता सांगितले, “तुम्हा लोकांना वापरता येत नाही. ऑइल जास्त घातलं असणार. आता गॅरंटी मिळायची नाही.” पोरगा खाली मान घालून घरी आला. शेजारच्या एका बाईंनी मशीनला लिंबू-मिरची बांधायला सांगितले. वहिनी म्हणाल्या, “लिंबानं मशीन चालत असती, तर दुकानात प्लग कशाला विकायला ठेवले असते?” बोलल्या खऱ्या, पण पहिला हप्ता पंधरा दिवसांवर आला होता आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मी मुंबईत सव्वीस वर्षे स्कूटर-रिक्षाच्या गॅरेजमध्ये हात काळे केले आहेत. कटर मात्र कधी उघडला नव्हता. तरी टाकीचे झाकण काढून वास घेतला आणि जुनी ओळख पटली. हे तर आपले टू-स्ट्रोक इंजिन! वाचकांना आठवत असेल, जुन्या बजाज स्कूटरच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे आणि सकाळी ती सुरू झाली नाही, की तिला एका बाजूला कलती करून मग किक मारत. कटरचे इंजिन त्याच घराण्यातले. तिथे किक मारायची, इथे दोरी ओढायची, एवढाच फरक.

असल्या इंजिनाला सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. नवी मशीन सुरू होत नसेल, तर या तिघांपैकी कोणीतरी कमी किंवा जास्त आहे, एवढेच समजावे. म्हणून मी पुतण्याला म्हटले, “आता दोरीला हात लावायचा नाही. आधी एकेक गोष्ट तपासू.” पुतणी त्या वेळी बारावी सायन्सला होती. तिला म्हटले, “बाळा, खोक्यातलं ते इंग्रजी पुस्तक काढ आणि वाचून अर्थ सांग.”

पहिली गोष्ट स्विच. तो बंदवर राहिला तर दिवसभर दोरी ओढली तरी ठिणगी पडत नाही. आमचा स्विच बरोबर होता.

दुसरी गोष्ट पेट्रोल. या मशीनला दोन टाक्या असतात. एक पेट्रोलची, दुसरी चेनला वंगण देणाऱ्या ऑइलची. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-टी ऑइल वेगळे आणि चेनचे ऑइल वेगळे, यात घोटाळा होता कामा नये. आमच्या मशीनच्या पुस्तकात २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे एका लिटरला ४० मिलिलिटर, असे प्रमाण निघाले. काही मशीनना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर पुरते. म्हणून शेजाऱ्याच्या मशीनचे प्रमाण आपल्या मशीनला लावू नये. नुसते पेट्रोल घातले तर वंगणावाचून पिस्टन जाम होतो. ऑइल फार झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. आमच्या पोराने औषधाच्या मापाने बरोबर ४० मिलिलिटर मोजून घातले होते. म्हणजे दुकानदाराचे बोलणे इथेच खोटे पडले.

तिसरी गोष्ट प्लग. तो पान्याने काढला तर पेट्रोलने चिंब भिजलेला! प्लग कोरडा निघाला असता, तर पेट्रोल वर येत नाही असे समजून नळी आणि टाकीतला फिल्टर पाहावा लागला असता. ओला निघाला, याचा अर्थ पेट्रोल येत होते. उलट फार येत होते. गॅरेजमध्ये याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात.

आता ते फार का झाले? त्याचे उत्तर पुतणीने वाचून काढले. मशीन थंड असताना चोक लावून दोरी ओढावी. ‘फट्’ असा पहिला आवाज होऊन मशीन लगेच बंद पडली, की चोक काढावा आणि पुन्हा ओढावी. हे ऐकताच पुतण्या म्हणाला, “काका, तो आवाज तर चौथ्या ओढीलाच आला होता! आम्हाला वाटलं मशीन मेली, म्हणून चोक तसाच ठेवून ओढत राहिलो.” चोक लावला की हवा अडते आणि पेट्रोल जास्त खेचले जाते. म्हणजे तो आवाज मशीन मेल्याचा नव्हता, जागी झाल्याचा होता. तेवढे एक वाक्य त्या पोराला दुकानात कोणी सांगितले नव्हते.

मग स्विच बंद केला, चोक काढला आणि प्लग बाहेर ठेवूनच दहा वेळा दोरी ओढली. आत साचलेले पेट्रोल उडून गेले. विडी-काडी आणि चूल यांपासून दूर, मोकळ्या हवेत मशीन अर्धा तास ठेवली. प्लग पुसून कोरडा केला, परत बसवला, त्याची टोपी घट्ट दाबली. मग स्विच चालू केला, मशीन जमिनीवर ठेवली, चेनचा ब्रेक पुढे लोटला, मागच्या मुठीत पायाचा चवडा घातला, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरली आणि उजव्या हाताने दोरी ओढली. पाचव्या ओढीला मशीन अशी गरजली की अंगणातल्या कोंबड्या माडाच्या बुंध्याआड पळाल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. मशीन बंद झाल्यावर त्यांनी पदराने तिच्यावरची माती पुसली.

पुतणीने त्या रात्री सगळ्या पायऱ्या मराठीत लिहून काढल्या आणि कागद प्लास्टिकमध्ये घालून खोक्याला चिकटवला. पुढे चेनचे ऑइल आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने तो कागद पाहिला आणि गिऱ्हाइकांना देण्यासाठी झेरॉक्स मागितली. वहिनी म्हणाल्या, “देऊ की. पण माझ्या पोराने ऑइल बरोबर घातलं होतं, हे आधी या चार माणसांसमोर बोला.” तो जरा घुटमळला, पण बोलला. मग आम्ही कागद दिला. आठही घरांची कामे पावसाआधी झाली आणि पहिला हप्ता वेळेवर गेला.

ज्या होतकरू तरुणांना ही मशीन घ्यायची आहे, त्यांना माझे सांगणे आहे. ती दुकानातच सुरू करून दाखवायला लावा आणि नंतर स्वतः सुरू करून पाहा. पावती व गॅरंटीचा कागद शिक्क्यासह घ्या. मिसळलेले पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. मशीन हातात लोंबती धरून कधीही सुरू करू नका. पट्टीच्या टोकाने लाकडाला हात घालू नका, कारण तिथेच मशीन उसळून अंगावर येते. हेल्मेट, चष्मा, कानाला बोळे आणि पायात बूट असल्याशिवाय कामाला उभे राहू नका.

आणि पुस्तक इंग्रजीत असेल, तर खोक्यात परत टाकू नका. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला हाक मारा.