गटाचा ग्रुप

आज आमच्या शेतकरी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकानं डिंक्या लागलेल्या संत्र्याच्या खोडाचा फोटो टाकला. पूर्वी बागेतला रोग झाकायची रीत होती. व्यापारी भाव पाडेल ही धास्ती. आज लगेच उत्तरं आली: डिंक खरवडून काढा, बोर्डो पेस्ट लावा, बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. एकत्र काम आपल्याकडे तसं नवं नाही: पानी फाउंडेशनच्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत आपला वरूड तालुका होता. पुढं त्याच संस्थेनं फार्मर कप स्पर्धेतून गटशेतीला डिजिटल शेतीशाळेची जोड दिली. आमच्या शेंदूरजनाघाटात संत्रा सगळ्यांचाच, पण नुकसान ज्याचं त्यानं गिळायचं. ते चारचौघांत मांडायची सवय लागतेय, हे मला फार मोलाचं वाटतं. साध्या फोनवाल्या म्हाताऱ्यांसाठी मात्र पारावरची बैठक बंद पडू द्यायची नाही, हे मी उद्याच गटात बोलणार आहे.