पेटीतली पावती

कापूस विकल्याची पट्टी हाती आली की चाळीसगावच्या आसपासच्या घरांत बँकेतल्या मुदत ठेवीच्या पावतीचा जन्म होतो. मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते, पिशवी लोखंडी पेटीत, पेटीत लग्नाच्या शालूखाली. घरात असून घरच्यांना क्वचितच दिसते.

स्वभावाने करारी. नाव, रक्कम, व्याजदर, मुदत, देय तारीख, एवढंच बोलते. मुदतीआधी मोडलीत तर व्याज कापते. कर्ज देते, पण त्यासाठी स्वतः बँकेत गहाण राहते. नावं नवरा-बायको दोघांची असतील आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ हे लिहायचं राहिलं असेल, तर एकट्या नवऱ्याच्या सहीला ती दाद देत नाही. (तिचा हा हट्ट मला मनापासून आवडतो.) नॉमिनी म्हणून नाव लागलेला थोरला मुलगा मालकाच्या ऐटीत वावरतो, पण तिच्या लेखी तो वारसांच्या वतीने पैसे उचलणारा. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 साली हेच सांगितलं.

देण्याघेण्याच्या अशा काटेकोर नोंदींचं घराणं तसं जुनं. चाळीसगाव तालुक्यातच पाटणला शके 1128 चा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला कुणी काय द्यायचं, ते त्यात कोरलंय; तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा सुटलेलं नाही.

तिची जुळी वाटावी अशी एक आहे, पतसंस्थेची पावती. तोच जाड कागद, तीच वेलबुट्टी, वर दामदुपटीचं आमिष. बँकेच्या पावतीमागे ठेव विमा असतो, आज 5 लाखांपर्यंत. फेब्रुवारी 2020 पूर्वी 1 लाखच होता. पतसंस्थेच्या पावतीमागे तो नाही. जळगावची रायसोनी पतसंस्था, लोकांच्या तोंडची बीएचआर, दशकभरापूर्वी कोलमडली तेव्हा हा फरक घरोघर कळला. पैसे मिळेनात म्हणून माणसं पावत्या विकू लागली. दलालांनी त्या ठेवीदाराकडून मातीमोलाने घ्यायच्या आणि बड्या कर्जदाराच्या खात्यात पुऱ्या रकमेने वळत्या करायच्या, असा आरोप झाला. 2020 मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. जी नवऱ्याच्या एकट्या सहीला बधत नव्हती, तिच्या जातीची पावती दलालांच्या हातांतून फिरली.

बँकेतली मात्र आणखी काटेकोर झालीय. 1 नोव्हेंबर 2025 पासून तिला चारपर्यंत नॉमिनी चालतात, हवं तर प्रत्येकाचा टक्का लिहून. थोरल्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.