प्रोटीनराव

वाशिमच्या जिममधल्या शोकेसमध्ये प्रोटीनरावांची जागा ठरलेली: सगळ्यात वरची फळी. काळा डबा, सोनेरी अक्षरं, अंगावर दंड फुगवलेल्या गड्याचं चित्र. पोलीस भरतीसाठी पहाटे 1600 मीटर पळणारा असो की अमरावती विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेची तयारी करणारा, पोट्टं आधी त्यांच्याकडे बघतं, मग किमतीकडे आणि मग खिशाकडे.

घराण्याचा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नये. चीज करताना दूध फाटलं की उरतं ते पाणी, आणि ते वाळवून झालेली पावडर म्हणजे प्रोटीनराव. एके काळी परदेशातले चीजवाले हे पाणी डुकरांना पाजत, नाहीतर नाल्यात सोडत. आता त्याचाच डबा पाच-सहा हजारांना मिरवतो.

भाऊ तिघं. थोरला कॉन्सन्ट्रेट: शंभरात सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रोटीन, स्वस्त आणि मनमिळाऊ, फक्त ज्याला दूध पचत नाही त्याच्या पोटात गडगडाट करतो. मधला आयसोलेट: जास्त गाळलेला, शंभरात नव्वदच्या आसपास, लॅक्टोज जवळपास नाहीच, म्हणून तोरा भारी. धाकटा हायड्रोलायझेट: एन्झाइम घालून आधीच तोडून ठेवलेला, सगळ्यांत महाग, लाडावलेला आणि तोंडाचा कडू. दिवसभराचं एकूण प्रोटीन सारखंच असेल, तर तिघांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नाही. भाव चढतो, दंड तेवढाच राहतो.

चुलतभाऊ मास गेनर दांडगा दिसतो, पण आत बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिठूळ साखरेचाच नातेवाईक. त्याच्या संगतीत वजन वाढतं आणि पोटही. त्याला प्रोटीन समजून घरी नेणारे पुष्कळ.

रावांना लपंडाव आवडतो. झाकण उघडा, सील फाडा, चमचा दिसतच नाही. तो तळाशी बसलेला असतो. पठ्ठ्या कोपरापर्यंत हात घालतो आणि पांढरा होऊन बाहेर येतो. शेकर धुवायचा राहून बॅगेत दोन दिवस पडला, तर राव आपला राग वासातून काढतात.

लबाडीही अंगात आहे. नेहमीच्या तपासणीत थेट प्रोटीन मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. हे ओळखून काही कंपन्या ग्लायसिन, टॉरीनसारखी स्वस्त भर घालतात आणि आकडा फुगवतात. त्याहून वाईट म्हणजे भेसळ. डब्यातून बंदी असलेलं औषध पोटात गेलं आणि डोपिंग तपासणाऱ्या नाडाच्या चाचणीत सापडलं, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून खेळाडू सुटत नाही. डबा शोकेसमध्येच राहतो, मैदानाबाहेर खेळाडू बसतो.

एका आईनं डबा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाली, "एवढ्या पैशात तं सालभराची तूर डाय आली असती, बापा." राव गप्प. कारण हिशेब बाईंच्या बाजूनं आहे. साठ किलोच्या, कसून सराव करणाऱ्या खेळाडूला दिवसाला साधारण 72 ते 120 ग्रॅम प्रोटीन लागतं. अर्धा लिटर दूध 16, दोन अंडी 12, पन्नास ग्रॅम फुटाणे 10, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या 26. झाले 64, आणि पोळी, भाकरी, वरण अजून मोजलंच नाही.

गंमत अशी की रावांचा खरा प्रतिस्पर्धी शोकेससमोरून रोज ट्रॅक्टरनं बाजार समितीत जातो. रिसोडपासून कारंजापर्यंत शेतोशेत उभं असलेलं सोयाबीन: अंगात जवळपास चाळीस टक्के प्रोटीन, 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता. म्हणजे तेव्हा किलोला पन्नासच्या आत. बिचाऱ्याला सोनेरी अक्षरं कुणी दिली नाहीत. फक्त त्याला कच्चं खाऊ नये. नीट शिजवलं तरच पचतं.

राव अगदीच टाकाऊ नाहीत. सकाळी सराव, दुपारी कॉलेज, रात्री मेसचं पाणचट वरण, अशा पोरासाठी एक चमचा सोयीचा पडतो. पण मे 2024 मध्ये आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंसुद्धा शरीर कमावण्यासाठी असल्या पावडरी टाळायचाच सल्ला दिला आहे. तेव्हा आधी ताट भरा. तरी कमी पडलं, तर थोरल्या भावाला घरी आणा, तेही पक्क्या बिलावर आणि लेबल वाचून. मधल्याला दूध न पचणाऱ्यांसाठी ठेवा. धाकट्याला शोकेसमध्येच राहू द्या. तिथं तो शोभतो.