शेऱ्याचा स्तंभ

तळोद्यात आमच्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतील बोलींची पाहणी केली आणि नोंदी संगणकावर तक्त्यांत भरल्या. प्रत्येक गावाची स्वतंत्र फाइल. ते तक्ते एकत्र करण्यासाठी, चाळिशी उलटल्यावर, मी 'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा शिकू लागलो.

तिच्यातील एक सोय मला विशेष भावली. फाइल वाचतानाच हवे ते स्तंभ निवडता येतात. उरलेले तक्त्यात येतच नाहीत. 'रीड_सीएसव्ही' या आज्ञेला २०२१पासून त्यासाठी 'कॉल_सिलेक्ट' हा पर्याय मिळाला आहे. स्तंभाचे पूर्ण नाव द्यावे, नावाचा केवळ आरंभ द्यावा, किंवा 'अमुक वगळून सारे' असेही म्हणावे.

आमची अडचण नावांचीच होती. कुणी 'मातृभाषा' लिहिले होते, कुणी 'घरची बोली'. 'ऑल_ऑफ' हा निवडीचा प्रकार काटेकोर. दिलेल्यांपैकी एक नाव सापडले नाही, तरी काम थांबवतो. 'एनी_ऑफ' उदार, असेल ते घेतो, नसेल त्याविषयी मौन पाळतो. मी दोन्ही नावे उदार प्रकाराला दिली. 'शेरा' हा स्तंभ किरकोळ समजून यादीत घेतलाच नाही.

निष्कर्ष निघाला: एका पाड्यावर बहुतेकांची मातृभाषा मराठी. त्याच पाड्यावरचा विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, शेरा वाचला का?" मूळ फाइल उघडली. ओळीमागून ओळ तेच होते: घरात पावरी बोलतात, शाळेत मराठी लिहिली आहे.

२०११च्या जनगणनेत पावरी, मावची या मातृभाषा 'भिली/भिलोडी' या शीर्षाखाली येतात. देशभरात दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषेला तर स्वतंत्र ओळच नाही, ती 'इतर'मध्ये जाते. यावर मी वर्गात तावातावाने बोलत आलो होतो. माझ्या संगणकावर मी निराळे काय केले होते?

निवड टळत नाही, हे खरे. पण आता मी आधी प्रत्येक फाइलीची केवळ शीर्षओळ वाचतो आणि काय गाळतो आहे ते वहीत लिहून ठेवतो. बोलीच्या दोन नावांसाठी 'एनी_ऑफ' अजूनही वापरतो. 'शेरा' मात्र 'ऑल_ऑफ'च्या स्वाधीन केला आहे. तो नसेल, तर यंत्राने थांबावे आणि मला विचारावे.